करारावर तिचंही नाव लिहा: साखर कारखान्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील सर्व साखर कारखान्यांचे अध्यक्ष, कार्यकारी संचालक आणि संचालक मंडळं,
तसंच ऊसतोडणीचा दर ठरवायला बसणारे कारखान्यांचे, संघटनांचे आणि शासनाचे प्रतिनिधी,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कोर्टासमोर बसून अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि करारनामे टाइप करते. पावसाळ्यापासून दसऱ्यापर्यंत माझ्याकडे सगळ्यात जास्त येतो तो ऊसतोडीच्या उचलीचा, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेचा कागद. त्याचा मजकूर मला पाठ आहे. ‘लिहून घेणार’ म्हणून मुकादमाचं, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराचं नाव. ‘लिहून देणार’ म्हणून मजुराचं नाव, वय, धंदा मजुरी, राहणार अमुक वस्ती. मग पुढे: ‘मी व माझी पत्नी असे मिळून एक कोयता, हंगाम संपेपर्यंत ऊसतोडणी व भरणीचे काम करू, त्यापोटी उचल रक्कम आज रोजी रोख मिळाली.’ खाली त्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार.

नऊ वर्षं मी हे काम करते आहे. ‘माझी पत्नी’ या दोन शब्दांच्या जागी एकाही बाईचं नाव टाइप केल्याचं मला आठवत नाही.

टाइपिंग शिकण्याआधी मी स्वतः चार हंगाम कोयता चालवला आहे. म्हणजे कुणाच्या तरी करारात ‘माझी पत्नी’ मी होते. त्या कागदावर काय लिहिलं होतं, ते मला कुणी वाचूनही दाखवलं नव्हतं.

आजवर मी गप्प राहून टाइप करत आले. यंदा श्रावणात एक बाई माझ्याकडे आली आणि तिच्यामुळे हे पत्र लिहायला बसले. तिचा नवरा गेल्या हंगामात फडावरच, म्हणजे तोडणीच्या शेतातच वारला. महिनाभरात मुकादम घरी आला. उचलीतली बाकी आहे, येत्या हंगामाला तू आणि मोठा पोरगा मिळून या आणि फेडा, म्हणाला. पोरगा सातवीत आहे. तिनं कराराची झेरॉक्स पदराच्या गाठीत बांधून आणली होती. म्हणाली, “ताई, यात माझं नाव हाय का, तेवढं बघ.” मी दोनदा वाचलं. नाव नव्हतं. तिनं कागद परत घेतला, घडी घातली आणि विचारलं, “मग माझ्या चार महिन्यांच्या तोडीचा हिशोब कुठल्या कागदावर हाय?”

मला उत्तर देता आलं नाही. ते आपण द्यावं, म्हणून हे पत्र.

आपल्यापैकी बहुतेकांनी फड पाहिला आहे, पण पहाटेचा पाहिला आहे का, ठाऊक नाही. बाई नवऱ्याच्या तासभर आधी उठते. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत चूल पेटवते, दुपारच्या भाकरी थापते, लेकराला गुंडाळून बरोबर घेते. फडात दोघं शेजारी शेजारी तोडतात. पाचट साळायचं, ऊस गोळा करायचा, वाढ्याने मोळी बांधायची ही कामं बहुतेक बाईच्या अंगावर येतात. गाडी आली की वीस-पंचवीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढायचं, मग रात्र असो की पहाट. थंडीत शिडीच्या फळीवर दव पडतं आणि पाय सरकतो. माझ्या दुसऱ्या हंगामात मी चौथ्या पायरीवरून खाली आले होते. दुसऱ्या दिवशी खाडा, म्हणजे कामावर न गेल्याचा दंड नको, म्हणून तशीच फडात गेले. कंबर अजून धरते.

एवढं काम करणारी बाई आपल्या कोणत्याच कागदावर नाही. करार नवऱ्याच्या नावाने होतो, उचल त्याच्या हातात पडते, वजनकाट्यावरची पावती गाडीच्या नाहीतर टोळीच्या नावाने निघते आणि हंगामाचा हिशोब मुकादमाच्या वहीत असतो. मजुरी देताना ती कुणीच नसते आणि बाकी वसूल करताना मात्र ती अर्धा कोयता असते. माझ्याकडे आलेल्या बाईच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

हे कायद्याला धरून नाही. मी वकील नाही. पण रोज वकिलांचे कागद टाइप करते, त्यामुळे काय कुठे लिहिलं आहे ते थोडंफार कळतं.

राज्यघटनेचं 14वं कलम कायद्यापुढे सगळे समान, असं सांगतं. 39व्या कलमात स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन हे राज्याचं धोरण असावं, असं म्हटलं आहे. 1976 साली त्यासाठी समान वेतनाचा कायदा झाला. तो आता वेतन संहितेत सामावला आहे आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या आहेत. एकाच मालकाकडे, सारख्या कामाच्या मजुरीत बाई आणि पुरुष असा भेद करायचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. आपण म्हणाल, आम्ही भेद करत नाही, टनाला एकच दर आहे. पण ज्या बाईचं वेतन तिच्या नावाने कधी मोजलंच गेलं नाही, तिला समान वेतन मिळालं की नाही, हे तपासणार कसं? तिला पुरुषापेक्षा पैसा-दोन पैसे कमी मिळतात, अशी माझी तक्रार नाही. तिच्या नावाने एक रुपयाही दिला जात नाही, ही तक्रार आहे.

दर ठरवण्याच्या बैठकीत हा विषय निघत नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. त्यासाठी आमची माणसं संपावर होती आणि ती वाढ हक्काचीच होती. मुकादमांच्या कमिशनमध्येही त्याच वेळी एक टक्का वाढ झाली. मी पेपरात बातमी शेवटपर्यंत वाचली. मुकादमाच्या एका टक्क्यापर्यंत सगळ्याचा विचार झाला होता. टेबलाभोवतीच्या एवढ्या माणसांपैकी कुणी बाईच्या नावाचा विषय काढल्याचं त्यात दिसलं नाही. हे मी संघटनांच्या नेत्यांनाही सांगते आहे. आपण आमचे आहात, म्हणून आपल्यावर राग जास्त आहे.

“टन दोघांचा मिळून होतो, कुणी किती तोडला ते वेगळं काढता येत नाही,” हे उत्तर मी मुकादमांकडून ऐकलं आहे, एका कारखान्याच्या शेतकी विभागातल्या साहेबांकडूनही ऐकलं आहे. मला माझी आई आठवते. दुष्काळात ती रोजगार हमीच्या पाझर तलावावर जायची. तिथे खोदलेली माती टोळीची एकत्रच मोजायचे आणि पैसे हजेरीपटावरच्या नावांत वाटायचे. हजेरीपटावर आईचं नाव वेगळं होतं, वडिलांचं वेगळं. आई स्वतःचा अंगठा लावून स्वतःचे पैसे घ्यायची. रोजगार हमीचा कायदा या राज्यात 1977 सालचा आहे. तेव्हा संगणक नव्हता, बाईचं बँकेत खातं नव्हतं, तरी सरकारला हे जमलं. आज आपल्या काट्यावर संगणक आहे, पावती छापून निघते, शेतकऱ्याचं बिल थेट त्याच्या खात्यात जातं. एका कोयत्याच्या रकमेचे दोन भाग करून दोन खात्यांत टाकणं आपल्याला अवघड नाही.

दुसरी तक्रार खाड्याची आहे. याच्यावर मला जास्त लिहायचं आहे, कारण बाहेरच्या माणसाला खाडा कळत नाही.

कोयता म्हणजे जोडी. बाई आजारी पडली तर नवरा एकटा तोडून, साळून, बांधून, भरू शकत नाही. जोडी मोडते आणि त्या दिवसाचा खाडा दोघांवर पडतो. माझ्या वेळी दिवसाला पाचशे रुपये उचलीत वाढायचे. मजुरी जायची ती वेगळीच. आता विचार करा, दर महिन्याला चार दिवस कुणाच्या अंगावर येतात? कोपीजवळ संडास नाही, न्हाणी नाही, पाणी दूर. मैदानात उजेड व्हायच्या आत जाऊन यायचं आणि दिवसभर आडोशाची वाट बघायची. अंगावरून जास्त जात असलं तरी खाडा नको, म्हणून बाई उभी राहते. अंग बाहेर येतं, तेही ती सांगत नाही. मग कुणीतरी डॉक्टर म्हणतो, गर्भाची पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. ती उचल घेते आणि पिशवी काढते.

माझ्या थोरल्या जावेची पिशवी काढली तेव्हा तिचं वय एकोणतीस होतं. ऑपरेशनचे पैसे मुकादमाने दिले आणि ते पुढच्या हंगामाच्या उचलीत धरले. आज तिला चाळिशीही लागलेली नाही. हाडं दुखतात, झोप येत नाही, मधूनच अंगाची लाही होते. तरी ती अजून फडावर जाते.

हा एका घराचा प्रश्न नाही, हे सरकारच्याच कागदांत आहे. 2019 मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेली. त्यावर नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. त्यानंतर खासगी दवाखान्यात हे ऑपरेशन करायचं तर सरकारी डॉक्टरांची परवानगी लागू लागली. ते योग्यच झालं. पण बंधन डॉक्टरवर आलं आणि खाडा होता तसाच राहिला. ज्या भीतीने बाई ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जाते, त्या भीतीला कुणी हात लावला नाही. ती भीती आपल्या तोडणीच्या व्यवस्थेत आहे. म्हणून ती दूर करण्याची जबाबदारीही आपली आहे.

1981 साली सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात निकाल दिला होता. पहिल्यांदा दिवस गेले की नोकरी जाईल, असा नियम तिथे होता. न्यायालयाने तो 14व्या कलमाच्या विरोधात ठरवून रद्द केला. बाईच्या शरीराचा दंड तिच्या कामावर बसवता येत नाही, एवढंच मला त्या निकालातून कळतं. विमानातल्या बाईला जे लागू आहे ते फडातल्या बाईला लागू नाही, असं घटनेत कुठेही लिहिलेलं नाही.

बाळंतपणाचंही तसंच. प्रसूती लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम भरावं लागतं. दिवाळीनंतर फडावर गेलेल्या बाईचे 80 दिवस माघाच्या आसपास भरतात. 2000 साली दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हजेरीपटावरच्या मजूर बाईलाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे. पण आमची बाई हजेरीपटावरही नाही. मग 80 दिवस सिद्ध कशाने करणार? मी सात महिन्यांची असताना मोळी उचलली आहे. माझ्यासोबतच्या एकीने उसाच्या सरीत बाळाला जन्म दिला आणि आठव्या दिवशी ती फडात होती. नाव नसलं की हक्क कसे एकामागून एक गळून पडतात, ते इथे दिसतं.

छळाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ज्यांच्यावर बेतलं त्यांच्या गोष्टी त्यांच्या आहेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे तक्रार समिती हवी आणि जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक समिती हवी. मी चार हंगामांत तीन कारखान्यांच्या तळावर राहिले. एकदाही कुणी येऊन, काही झालं तर इथे सांगा, असं म्हटलं नाही.

आणखी एक गोष्ट, जिचा आपल्याशी संबंध नाही असं आपल्याला वाटेल. एकट्या पोराला उचल अर्धी मिळते आणि जोडीला पूर्ण. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर वस्त्यांवर लग्नं लागतात. माझं लागलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि बारावीचा फॉर्म भरून झाला होता. बालविवाहाला आईबाप जबाबदार आहेतच. पण जोडीशिवाय पूर्ण उचल नाही, हा नियम आमच्या आईबापांनी केलेला नाही.

आपलं नेहमीचं उत्तर मला माहीत आहे. हे मजूर कारखान्याचे नाहीत, ते मुकादमाचे. मुकादमाचा व्यवहार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा तोडणी-वाहतूक संस्थेशी, आणि संस्था वेगळी नोंदलेली. मी हे सगळे कागद पाहिले आहेत. पण कोणत्या फडात कधी तोड लावायची, हे आपला चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस सांगतो. ऊस आपल्याच गव्हाणीत पडतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापून घेणारेही आपणच. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नव्या संहितांतही आहे. मधे कितीही कागद घातले तरी ही जबाबदारी आपल्यापाशी येऊन थांबते.

म्हणून पुढच्या कराराच्या बोलण्यांत आपण हे ठरवावं, अशी माझी मागणी आहे.

1. करारनाम्यात ‘लिहून देणार’ दोन असावेत. बाईचं पूर्ण नाव, वय, तिची स्वतःची सही किंवा अंगठा, आणि करार तिला वाचून दाखवल्याची नोंद. या राज्यात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळाच्या कागदपत्रांत आईचं नाव लिहिणं बंधनकारक आहे. मग त्या आईच्या स्वतःच्या कामाच्या कागदावर तिचं नाव का नसावं?

2. उचल आणि हंगामाचा हिशोब दोघांच्या खात्यात अर्धा अर्धा जमा व्हावा. नव्या संहितांनी नियुक्तीपत्र आणि वेतनपावती देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. ती दोन्ही बाईला तिच्या नावाने मिळावीत.

3. एकटी बाई, विधवा असो की टाकलेली, तिच्याशी स्वतंत्र करार व्हावा. “भाऊ नाहीतर दीर घेऊन ये” हे बंद व्हावं. दोन बायकांनी मिळून कोयता केला तर तो पूर्ण कोयता धरावा.

4. आजारपण, पाळी आणि बाळंतपण यांचा खाडा धरू नये. आठवड्याला एक सुट्टी भरपगारी द्यावी. 80 दिवसांची हजेरी कारखान्याने ठेवावी आणि प्रसूती लाभ द्यावा.

5. नवरा मेला तर उचलीची बाकी बायको-पोरांकडून वसूल करू नये. बापाच्या कर्जापोटी पोराने राबणं ही वेठबिगारी आहे आणि 1976 पासून तो गुन्हा आहे. मेलेल्या माणसाची बाकी मागायला मुकादम घरी गेला, तर त्याच्यावर कारखान्यानेच कारवाई करावी.

6. तळावर संडास, न्हाणी, पाणी आणि उजेड. तळाच्या फलकावर तक्रार समितीचा फोन नंबर, आणि त्या समितीत ऊसतोड करणारी किमान एक बाई.

7. दर ठरवायला बसणाऱ्यांत निम्म्या बायका असाव्यात. पुढाऱ्यांच्या घरच्या नकोत, फडावरच्या हव्यात.

शासनाला एवढंच सांगते की गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे होणारी नोंदणी कुटुंबाची न होता माणसाची व्हावी. ग्रामसेवकाकडून मिळणारं ओळखपत्र बाईला स्वतंत्र मिळावं, आणि गावातल्या किती बायकांना ते मिळालं, ते दसऱ्याच्या आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं.

यांतल्या काही मागण्यांना पैसे लागतील. आणि त्या पैशाचा भार शेतकऱ्याच्या बिलावर टाकू नका. शेतकरीही आमच्यासारखाच टनावर जगतो. पण पहिल्या मागणीला एक ओळ आणि शाईच्या पट्टीवर टेकवलेला एक अंगठा लागतो. ती तरी याच हंगामात करा.

करारनाम्याचा नवा मसुदा मी टाइप करून या पत्रासोबत जोडला आहे. त्यात ‘लिहून देणार क्रमांक 1’ आणि ‘लिहून देणार क्रमांक 2’ अशा दोन जागा आहेत. आपल्या विधी सल्लागारांनी त्यात हव्या त्या दुरुस्त्या कराव्यात. माझ्याकडे असा करार टाइप करायला जो कुणी येईल, त्याच्याकडून दुसऱ्या नावाच्या ओळीचे पैसे मी घेणार नाही.

श्रावणात आलेल्या त्या बाईचा अर्ज मी तहसीलदारांच्या नावाने टाइप करून दिला आहे. तिच्या मुलाची सहामाही परीक्षा दिवाळीच्या आधी आहे आणि टोळ्या त्याच सुमारास निघतात. तेवढे दिवस आपल्या हातात आहेत.

आपली,
तालुका कोर्टासमोर करारनामे टाइप करणारी एक,
चार हंगाम अर्धा कोयता